बिशप म्हणजे बघणारा

रविवारी भाचीबरोबर बुद्धिबळ खेळत होतो. उंट तिरका सरकवत तिने विचारलं, "मामा, आपण याला उंट म्हणतो, मग इंग्रजीत बिशप का?"

"बिशप म्हणजे चर्चमधले मोठे धर्मगुरू," एवढं सांगून मी वेळ मारून नेली. आम्ही पणजीकर. आल्तिनोच्या टेकडीवरचा आर्चबिशपांचा वाडा येता-जाता दिसतो. पण या शब्दाचा अर्थ मी कधी शोधला नव्हता. त्या रात्री शोधला.

मूळ ग्रीक शब्द 'एपिस्कोपोस'. 'एपि' म्हणजे वर, 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. थोडक्यात, देखरेख करणारा. टेलिस्कोपमधला 'स्कोप' याच घरातला. आपला 'स्पष्ट' हा शब्दही त्यांचा दूरचा नातेवाईक!

येशूच्या चारशेहून अधिक वर्षं आधी अथेन्स आपल्या अंकित शहरांत असे तपासनीस पाठवत असे. अरिस्तोफानेसच्या 'पक्षी' (इ.स.पू. ४१४) या नाटकात पक्ष्यांच्या नव्या नगरीत असाच एक एपिस्कोपोस येतो आणि मार खाऊन पळतो. पुढे ख्रिस्ती मंडळींनी हाच शब्द आपल्या समुदायाची काळजी वाहणाऱ्यासाठी घेतला. बायबलच्या नव्या करारात तो आहे. मग इंग्रजीत तो 'बिशप' झाला, पोर्तुगीजमध्ये 'बिश्पु' आणि आपल्या कोकणीत 'बिस्प'.

आपल्याकडे याच घडणीचा शब्द आहे 'अध्यक्ष': अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापासून सोन्यापर्यंत प्रत्येक खात्याला अध्यक्ष आहे.

हे वाचताना मी जरा ओशाळलो. गेल्या वर्षी मी टीम लीड झालो. कोणाचं किती काम झालं, याचे आकडे रोज स्क्रीनवर बघायचो. टीममधला एक मुलगा महिनाभर गप्प-गप्प होता, ते मात्र दिसलं नाही. त्याने राजीनामा दिला तेव्हा कळलं, घरी वडील आजारी होते. मला 'वर'ची जागा मिळाली होती, 'पाहणं' राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. वडील आता बरे आहेत. आता सोमवारी आकडे उघडण्याआधी प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलतो.

पुढच्या रविवारी भाचीला सगळं सांगितलं. हा मोहरा मुळात हत्ती; अरबांनी त्याला 'अल-फिल' म्हटलं. युरोपात गेल्यावर त्याची दोन टोकं लोकांना बिशपांच्या टोपीसारखी वाटली असावीत, असं मानतात. मी रंगात आलो होतो.

"मामा, तुझा वजीर गेला," ती म्हणाली. "लक्ष कुठे आहे?"