साल नसलेली हँडबिले

इतिहासाची साधने शिकताना ताम्रपट, शिलालेख, बखरी, फर्माने, पत्रव्यवहार अशी नावे आम्हाला पाठ करावी लागतात. त्या यादीत हँडबिल कोठेही नसते. रस्त्यात हातावर टेकवलेला, वाचून फेकून दिलेला, फार तर भजी बांधायला उपयोगी पडलेला तो कागद. त्याला साधन कोण म्हणणार? परंतु अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ साली असल्याच कागदांना मानाची जागा देणारा एक संग्रह उघडला. पंक संगीताचा संग्रह. त्यांतील काही हँडबिलांच्या प्रतिमा ग्रंथालयाने संगणकावर कोणालाही पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. आमच्या ग्रंथालयातील एका संगणकावर बसून मी त्या पाहिल्या, आणि साधन कशाला म्हणावे याविषयी वर्गात न सुटलेल्या काही गोष्टी तेथे सुटल्या.

पंक म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन येथे रॉक संगीतातूनच हा एक बंडखोर प्रवाह निघाला. दोन गिटारी, एक ढोलांचा संच, एक गाणारा. गाणे दीड-दोन मिनिटांचे, वेग विलक्षण, आवाज कर्कश. माझ्या कानाला ते अद्याप फारसे मानवलेले नाही. मात्र त्यामागची वृत्ती मनाला पटते. वाजवायला उत्तम येईपर्यंत थांबू नका, कंपनी तबकडी काढील म्हणून वाट पाहू नका, आपले आपण करा, अशी ती वृत्ती होती. वॉशिंग्टनमध्ये इयान मकाय, जेफ नेल्सन व त्यांचे शाळकरी मित्र यांचा ‘टीन आयडल्स’ नावाचा बँड १९८० साली मोडला. (बँड म्हटले की आपल्याला लग्नातला आठवतो, हा तसा नव्हे.) तेव्हा गाठीला सुमारे सहाशे डॉलर जमले होते. ते वाटून न घेता त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात स्वतःची तबकडी काढली. तिच्या हजार प्रती निघाल्या. तबकडीचे वेष्टण कसे करतात हे ठाऊक नव्हते, म्हणून एक तयार वेष्टण उकलून त्याचा आकार कागदावर गिरवला आणि सारी वेष्टणे हाताने कापून, दुमडून, डिंकाने चिकटवली. ‘डिस्कॉर्ड’ ही त्यांची संस्था अशी सुरू झाली, ती आजही चालू आहे.

हँडबिलेही याच रीतीने होत. वर्तमानपत्रातून कापलेली अक्षरे, टंकलेखन यंत्रावर काढलेल्या ओळी, घासून उमटवायची तयार अक्षरे, जाड पेनाने लिहिलेली बँडची नावे, एखादे कापलेले चित्र, हे सर्व एका पांढऱ्या कागदावर चिकटवायचे आणि झेरॉक्स काढायचे. खिळे जुळवायला नकोत, ब्लॉक करायला नको, छापखान्याच्या मालकाला आगाऊ रक्कम द्यायला नको. शंभर प्रती हव्यात तर शंभर, वीस हव्यात तर वीस. मग रात्री विजेच्या खांबांवर त्या चिकटवायच्या. झेरॉक्सचा एक गुण असा की प्रतीची प्रत काढत गेले म्हणजे मधल्या राखी छटा उडतात. काळे अधिक काळे होते, पांढरे अधिक पांढरे. काचेवरचा धुळीचा कण ठिपका होऊन उमटतो आणि पुढच्या प्रत्येक प्रतीत तो कायम राहतो. एकाच हँडबिलाच्या दोन प्रती समोर असल्या तर कोणती आधीची आणि कोणती नंतरची, हे त्या ठिपक्यांवरून बहुधा सांगता येते. पोथ्यांची पाठचिकित्सा करणारे विद्वान लेखनिकाच्या चुकांवरून हेच काम करतात. तेथे लेखनिक डुलकी घेई, येथे यंत्राची काच पुसायची राहून जाई.

आता मुख्य गोष्ट. या हँडबिलांपैकी पुष्कळांवर वार असतो, तारीख असते, वेळ असते, पत्ता असतो, साल नसते. त्यात नवल नाही. येत्या शुक्रवारी या म्हणणाऱ्याला चाळीस वर्षांनंतरच्या वाचकाची कल्पना कशी असणार? अशा वेळी आपल्या इतिहास संशोधकांची जुनी वाट उपयोगी पडते. मराठेशाहीतील अनेक पत्रांवर महिना आणि चंद्र तेवढा असतो, साल नसते. संशोधक जंत्री घेऊन बसतात, मजकुरातील माणसे आणि प्रसंग ताडून पाहतात आणि साल ठरवतात. हँडबिलाचेही तसेच. समजा, कागदावर ‘रविवार, ३ जुलै’ एवढेच आहे आणि खाली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेड केनेडीज’ या बँडचे नाव आहे. ३ जुलैला रविवार १९७७, १९८३ आणि १९८८ साली आला. हा बँड १९७८ साली निघाला आणि १९८६ साली मोडला. उरले १९८३. आणि खरोखरच त्या दिवशी राजधानीच्या मधोमध असलेल्या नॅशनल मॉल या मैदानावर ‘रॉक अगेन्स्ट रेगन’ ही अध्यक्ष रेगन यांच्या विरोधातील मैफल झाली व तीत हा बँड वाजला. वार आणि तारीख यांची जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येते; बँडचे आयुष्य बहुधा दोन-तीन वर्षांचे. म्हणून हे गणित सहसा एकाच सालाशी येऊन थांबते.

साल ठरले की बारीक अक्षरे बोलू लागतात. काही हँडबिलांवर ‘सर्व वयांना प्रवेश’ अशा अर्थाचे शब्द दिसतात. ते वरवरचे नाहीत. मैफली होत त्या जागा बहुधा दारूविक्रीवर चालत आणि वाजवणारे व ऐकणारे बरेचसे शाळकरी. त्यांना दारातच अडवीत. टीन आयडल्स १९८० साली कॅलिफोर्नियास गेले असता सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने त्यांच्या हातांवर काळी फुली काढून आत घेतले. फुली दिसली की दारू द्यायची नाही. परत येऊन त्यांनी हीच युक्ती आपल्या शहरातील ‘९:३०’ या क्लबला सुचवली. (हे नाव वेळेवरून नसून ९३०, एफ स्ट्रीट या पत्त्यावरून पडले.) पुढे ज्यांना वयाने बंदी नव्हती तेही स्वखुशीने फुली काढू लागले. आपल्याकडे गळ्यात माळ दिसली की हा माणूस दारूला शिवत नाही हे न सांगता कळते, तसेच काहीसे. बंडखोर म्हणवणाऱ्या मुलांनी निर्व्यसनीपणालाच बंडाची खूण करावी, ही मला या सर्व प्रकरणातील सर्वांत लोभस गोष्ट वाटते.

शुक्रवार, २३ सप्टेंबर १९८३ रोजी लान्सबर्ग सांस्कृतिक केंद्रात झालेली मैफल याहूनही बोलकी आहे. मकाय व नेल्सन यांचा नंतरचा बँड ‘मायनर थ्रेट’ त्या रात्री शेवटचा वाजला. त्याच मंचावर ‘ट्रबल फंक’ हा गो-गो बँड होता. गो-गो हे वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीयांचे संगीत. चक ब्राउन यांनी ते लोकप्रिय केले. एक गाणे संपून दुसरे सुरू होईपर्यंत त्यात ताल थांबतच नाही. पंक ऐकणारी मुले बहुसंख्य गोरी (‘बॅड ब्रेन्स’ हा या शहराचा आद्य पंक बँड मात्र चार कृष्णवर्णीय तरुणांचा होता), गो-गोचा श्रोता कृष्णवर्णीय. एका शहरातील हे दोन प्रवाह एका मंचावर आले, याची साक्ष त्या रात्रीच्या नावांच्या यादीत आहे.

गो-गोची भित्तिपत्रके मात्र झेरॉक्सची नव्हती. ती बाल्टिमोरच्या ‘ग्लोब’ छापखान्यात भडक, डोळ्यांत भरणाऱ्या रंगांत, ठसठशीत अक्षरांत छापली जात. हा छापखाना १९२९ साली सुरू झाला आणि २०१० साली बंद पडला. त्याचे लाकडी टाइप व ब्लॉक पुढच्या वर्षी तेथील एका कलामहाविद्यालयाने घेतले. आता विद्यार्थी त्यांवर छपाई शिकतात. ती भित्तिपत्रके मी माझ्या वडिलांना भ्रमणध्वनीवर दाखवली. वडील सातवीपर्यंत शिकले आणि लग्नाआधी तालुक्याच्या गावी एका छापखान्यात ट्रेडल चालवीत. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी बघताक्षणीच ते म्हणाले, “हे लाकडी टाइप. आमच्याकडं तमाशाला हेच लावायचे. गावाचं नाव टाकायची जागा कोरी ठेवायची, मग मॅनेजर ज्या त्या गावाचं नाव हातानं लिहायचा.” एखादा नमुना जपला का, असे मी विचारले. “जपायचं काय त्यात? छापखाना बंद झाला तेव्हा खिळंसुद्धा वजनावर गेलं.” माझे वडील कोणत्या फडासाठी काय छापत होते, हे आता कोणत्याच जंत्रीतून निघणार नाही.

हँडबिलावर विसंबताना एक सावधगिरी हवी. ते काय होणार आहे हे सांगते, काय झाले हे नव्हे. गाडी बिघडली, जागामालक फिरला, पोलीस आले, तर मैफल होत नसे. खांबावरचा कागद मात्र तसाच राही. म्हणून दुसरा पुरावा लागतो. ‘फुगाझी’ या वॉशिंग्टनच्याच बँडने याबाबत धडा घालून दिला आहे. १९८७ पासून हजाराहून अधिक मैफली केलेल्या या बँडने त्यांपैकी आठशेहून अधिक मैफलींचे ध्वनिमुद्रण ठेवले आणि २०११ सालापासून ते लोकांपुढे खुले केले. प्रवेशमूल्य शक्यतो पाच डॉलरच ठेवण्याबद्दल हा बँड प्रसिद्ध होता. मैफलीची तारीख, ध्वनिमुद्रण, तिकिटाचा तुकडा आणि हँडबिल एकत्र ठेवली की मग मात्र शंकेला जागा उरत नाही.

हे वाचून झाल्यावर मी आमच्या ग्रंथपाल मॅडमकडे महाविद्यालयाची जुनी पत्रके आहेत का, अशी चौकशी केली. कपाटावरून एक खोका निघाला. त्यात स्नेहसंमेलनाचे एक गुलाबी हँडबिल आहे: ‘शुक्रवार, दि. २३ डिसेंबर, सायं. ६ वाजता, तीन अंकी नाटक’. साल नाही. जंत्रीप्रमाणे १९७७, १९८३, १९८८ आणि १९९४ ही साले जुळतात. त्याच खोक्यातील जमाखर्चाच्या वहीनुसार सभागृहाचा रंगमंच १९७९ साली बांधला गेला आणि हँडबिलावर ‘नूतन रंगमंच’ असे शब्द आहेत. त्यामुळे १९८३ कडे माझा कल आहे. परंतु नटांची नावे दिलेली नाहीत, आणि त्या वर्षीचा वार्षिक अंक ग्रंथालयात मिळत नाही. कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी तो अंक, नाटकाचे छायाचित्र किंवा त्या नाटकात काम केलेले कोणी असतील, तर त्यांनी ग्रंथालयात कळवावे. छायाचित्राची प्रत काढून मूळ त्याच दिवशी परत करू.