टॉम आणि जेरी : एक नाटक, तीन शहरं

पिअर्स इगनची ‘लाइफ इन लंडन’ 1821मध्ये दर महिन्याला भागाभागाने निघत होती आणि हातोहात खपत होती. खेड्यातून आलेल्या जेरीला शहरी टॉम लंडन दाखवतो, एवढंच तिचं कथानक. जोडीला क्रुकशँक बंधूंची चित्रं. कादंबरीचं नाटक करायला तेव्हा लेखकाची परवानगी लागत नसे, त्यामुळे नाटकवाल्यांची झुंबड उडाली. सर्वांत गाजलं विल्यम मॉनक्रीफचं रूपांतर. 26 नोव्हेंबर 1821 रोजी ते अॅडेल्फी थिएटरमध्ये लागलं.

लंडनमध्ये गद्य नाटकाची मक्तेदारी मुख्यतः ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डनकडे होती. बाकीच्यांना गाण्यांचा आधार घ्यावा लागे. मॉनक्रीफने तोच कामाला लावला. प्रवेश सुटे, अधूनमधून गाणी आणि दर प्रवेशात शहराचा नवा अड्डा. एखादा प्रवेश काढून दुसरा घातला तरी नाटक उभं राही.

भिकाऱ्यांच्या प्रवेशात बिली वॉटर्स येई. तो रंगमंचाबाहेरही खराखुरा होता : आरमारात पाय गमावलेला कृष्णवर्णीय खलाशी. पिसांची टोपी, लाकडी पाय, हातात फिडल अशा थाटात तो अॅडेल्फीच्याच दाराशी वाजवून पोट भरी. आत नट त्याचं सोंग घेऊन टाळ्या मिळवत. 1823मध्ये बिली सेंट जाइल्सच्या गरीबखान्यात वारला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राउनच्या आफ्रिकन थिएटरने हे नाटक केलं. कंपनी कृष्णवर्णीयांची आणि राज्यातली गुलामगिरी अजून पुरती संपलेली नव्हती. ब्राउनने त्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटनच्या गुलामबाजाराचा प्रवेश घातला. शहर दाखवायचं, तर जिथे माणसांचा लिलाव होतो ती जागा कशी वगळायची?

सिडनी ही कैद्यांच्या श्रमावर उभी राहिलेली वसाहत. तिथे 1843मध्ये कोणीतरी याच साच्यावर ‘लाइफ इन सिडनी’ लिहून सरकारी मंजुरीसाठी धाडलं. ती नाकारली गेली. संहिता मात्र सरकारी दप्तरात राहिली, म्हणून आज वाचता येते.

नाट्येतिहासात अशी रूपांतरं उसनवारी म्हणून बाजूला पडतात. हा अन्याय आहे. लंडनच्या चैनीची कथा ब्राउनने गुलामांच्या लिलावापर्यंत नेली. सिडनीच्या लेखकाने ती स्वतःच्या गावावर बेतली आणि सरकारने तिचा पडदा उघडू दिला नाही. परक्या गावाची गंमत रंगमंचावर सहज चालते. आपलं वास्तव दाखवायला धैर्य लागतं, आणि ते या दोघांनी दाखवलं.