जामखेडच्या मेबल आरोळे

१९७९ साली सामुदायिक नेतृत्वाचा मॅगसेसे पुरस्कार जामखेडला आला, तो खेड्यांत आरोग्याचे काम उभे करणाऱ्या डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या पती-पत्नींच्या नावे. १९९० साली पद्मभूषण मिळाले ते रजनीकांत यांना. पुढे 'आरोळे' म्हटले की महाराष्ट्राला आठवू लागले ते तेच. मेबल आरोळे सप्टेंबर १९९९ मध्ये गेल्या. त्याला आता पंचवीस वर्षे उलटून गेली. जामखेडचे नाव जगभर झाले ते तिथल्या खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांमुळे. या बायकांवर विश्वास टाकून त्यांना शिकवणाऱ्यांत मेबलबाईंचा हात मोठा होता. म्हणून त्यांच्या वाटेचा हा वेगळा मागोवा.

त्यांचा जन्म १९३५ साली जबलपूरचा. वडील तिथल्या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक. डॉक्टर व्हायला मेबल वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. रजनीकांतही तिथेच शिकत होते. ते मूळचे आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. १९६० साली दोघांचे लग्न झाले आणि लग्नाच्या वेळीच दोघांनी ठरवून टाकले, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचे. असे संकल्प पुष्कळ तरुण करतात. नोकरी लागली, मुले झाली, की त्यांचा विसर पडतो. या घरात तसे घडले नाही.

पहिली कर्मभूमी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याचे मिशन हॉस्पिटल. तिथे रोग्यांची रीघ लागलेली असे. औषध द्यावे, रोगी बरा होऊन घरी जावा आणि काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत यावा, हे चक्र दोघांनी जवळून पाहिले. आजाराचे मूळ दवाखान्याबाहेर होते: गढूळ पाणी, अर्धपोटी बाळंतीण, अंगणातली घाण, डोक्यातल्या समजुती. बरेचसे आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत, हे कळल्यावर नुसती प्रॅक्टिस करत राहणे त्यांना पटेना. दोघे अमेरिकेला गेले. आधी क्लिव्हलँडला रुग्णालयातले प्रशिक्षण, मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण. टेलर स्वतः भारतात जन्मलेले, इथली खेडी माहीत असलेले. अमेरिकेत स्थायिक होण्याची वाट मोकळी असताना १९७० साली आरोळे परतले आणि थेट जामखेडला आले.

त्या वेळचे जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याच्या टोकाचा, बीडला चिकटलेला अवर्षणग्रस्त तालुका. हलकी जमीन, ज्वारी-बाजरी, आणि पोटासाठी दरसाल ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसे. आरोळे दांपत्याने तिथे उभारलेल्या संस्थेच्या नोंदींनुसार जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. गुरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्यात पहिली बाह्यरुग्णसेवा सुरू झाली. जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने मदतीचा हात दिला.

गावकऱ्यांशी बोलल्यावर कळले की त्यांच्या यादीत दवाखाना बराच खाली आहे. त्यांना आधी पाणी आणि अन्न हवे होते. मग १९७२ चा दुष्काळ पडला. लहान मुलांसाठी गावोगाव सामूहिक स्वयंपाक सुरू झाला, कूपनलिका खोदल्या गेल्या. पुष्कळ ठिकाणी हातपंप बसवला तो दलित वस्तीत. सवर्ण बायका पाण्यासाठी घागरी घेऊन तिथे येऊ लागल्या. जातिभेदावर भाषणे देऊन जे झाले नसते, ते पाण्याच्या गरजेने थोडेफार झाले. तरुण शेतकऱ्यांची मंडळे झाली, पाठोपाठ महिला मंडळे.

गावात आरोग्यसेवा न्यायची कुणी, हा प्रश्न मात्र अडून बसला होता. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात. आल्या तरी गावच्या बायका त्यांच्याजवळ मन मोकळे करत नसत. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. मध्यमवयीन, अंगावर मुले वाढवलेली, गावाने निवडलेली बाई. कित्येकींना सही येत नव्हती, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत आणि मुक्काम करत. शिकणे, जेवणे, झोपणे सगळे एकत्र. एकमेकींच्या हातचे न खाणाऱ्या घरांतून आल्या असल्या तरी.

शिकवायचे काय, तर जगण्या-मरण्यातला फरक पाडणाऱ्या साध्या गोष्टी. जुलाबाने सुकलेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यायचे, नाळ कापायचे पाते कसे उकळायचे, धनुर्वाताची लस का घ्यायची, गरोदर बाईने कमी खाल्ले तर बाळंतपण सोपे होते ही समजूत कशी मोडायची, पोटुशीची कोणती लक्षणे दिसली की गाडी जुंपून दवाखाना गाठायचा. कुष्ठरोग आणि क्षयाचे रोगी ओळखून त्यांना घरीच उपचार देण्याचे कामही या बायका करू लागल्या. मेबलबाईंनी मानवी शरीर आणि आजार समजावून दिले, तसे या बायकांकडून गावातले जगणे समजून घेतले. डॉक्टरीचे ज्ञान कुलपात ठेवायची वस्तू नाही, ही त्यांची धारणा होती. आपल्याकडे पांढऱ्या कोटाचा दरारा किती असतो हे माहीत असलेल्याला ही धारणा किती अवघड आहे ते कळेल. निकाल आकड्यांत दिसतो: १९७६ पर्यंत बालमृत्यू हजारी ५२ वर आले आणि नव्वदच्या दशकात तिशीच्याही खाली.

जगाचे लक्ष लवकरच गेले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी लोकांसाठी उभ्या केलेल्या आरोग्यकार्यांवर एक पुस्तक काढले, त्यात जामखेडवरचे प्रकरण आरोळे दांपत्याचे होते. तीन वर्षांनी सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. त्यामागे जी उदाहरणे होती त्यांत जामखेड होते. १९८८ साली मुक्ताबाई पोळ ही जामखेडची आरोग्य कार्यकर्ती वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलली. सभागृहातली झगझगीत झुंबरे आणि आपल्या हातातला लहानसा दिवा यांची तुलना तिने केली: झुंबर महाग आणि एकाच जागी टांगलेले, दिवा मात्र दुसरा दिवा पेटवत पुढे जातो. ज्या बाईला पूर्वी गावाच्या चावडीवर बोलायची मुभा नव्हती, तिला हे बळ कुठून आले, ते जामखेडच्या त्या साप्ताहिक वर्गात पाहावे लागेल.

नव्वदच्या दशकात मेबलबाईंनी युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागासाठी काम केले आणि धर्म व स्त्री-बालकांचे हक्क या विषयावर लिहिले. जामखेडमध्ये प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि आशिया-आफ्रिकेतले कार्यकर्ते तिथे शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवायला अनेकदा याच गावच्या बायका उभ्या राहत. १९९४ साली पती-पत्नींनी मिळून लिहिलेले जामखेडवरचे इंग्रजी पुस्तक आले. ते आजही सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी वाचतात.

घराचे काय, असा प्रश्न कर्तृत्ववान बाईलाच विचारला जातो. इथे घर आणि काम यांच्यात भिंत नव्हती. लहान मुलांना घेऊन हे जोडपे दुष्काळी तालुक्यात आले आणि मुले त्या कामातच वाढली. पुढे मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी या दोघांनीही तेच काम उचलले. मे २०११ मध्ये रजनीकांत गेले, तरी संस्था बंद पडली नाही. नॅशनल जिओग्राफिकने २००८ साली जामखेडवर मोठा लेख छापला, तेव्हा मेबलबाईंना जाऊन नऊ वर्षे झाली होती. लेखात सरूबाई साळवेंसारख्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. शिक्षिका नसताना वर्ग चालू राहणे हीच शिक्षणाची खरी परीक्षा असते.

२००५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि गावागावांत 'आशा' या आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या. आज देशभरात त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव त्या रचनेच्या पाठीशी होता. सरकारने रचना घेतली, पण तिच्यातला एक मोठा भाग मागे राहिला. जामखेडच्या बायकाही पगारी नोकर नव्हत्या, पण त्यांना आठवड्याला सोबत होती, सतत शिकायला मिळत होते, कमाईची दुसरी साधने शोधायला मदत होती आणि डॉक्टर त्यांना सहकारी मानत होते. आशांच्या हातात रजिस्टरे पडली, कामागणिक मोबदला पडला. मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसावे लागले आहे.

मेबल आरोळे यांची आठवण जपायची असेल तर पुतळ्याची गरज नाही. आपल्या गावच्या, वस्तीच्या आशाताईला नावाने हाक मारा, तिचे म्हणणे ऐका आणि तिचे मानधन वेळेवर मिळते का, हे ग्रामसभेत विचारा.