‘इकडे नको’ म्हणणारे वाटाडे

बसा रे पोरांनो, आज एका बेडकाची गोष्ट सांगतो. खरी घडलेली आहे बरं का.

१९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने बेडकाचा डोळा खोबणीतच अर्धा फिरवून ठेवला. वरची कड खाली, खालची वर. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नसही कापली. माणसाची ही नस तुटली तर कायमचा अंधार. बेडकाची मात्र पुन्हा वाढते. यथावकाश त्याला दिसू लागलं. मग माशी डोक्यावर धरली, तर पठ्ठ्याने झेप घेतली खाली! खाली धरली, तर वर. पुढे धरली, तर मागे.

चार दिवसांत सुधारेल, असं वाटलं ना तुम्हाला? कितीही दिवस गेले तरी तो सुधारला नाही.

यात विशेष काय, तर बहुतेक जाणकारांचं मत तेव्हा वेगळंच होतं. मज्जातंतू कुठेही जाऊन जुळले तरी चालतं, वापरातून मेंदू सगळं ताळ्यावर आणतो, असं ते मानत. तसं असतं तर बेडकाने आपली चूक दुरुस्त केली असती. पण त्याचा प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या जुन्याच जागी जाऊन पोचला होता. फायद्यातोट्याचा विचार न करता. म्हणजे त्याला पत्ता ठाऊक होता! हा पत्ता रसायनांनी लिहिलेला असणार, असं स्पेरींनी ठामपणे मांडलं.

आता हिशेब करा. आपल्या एका डोळ्याच्या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात. आणि प्रथिनं कशी घडवायची ते सांगणारी जनुकं? जेमतेम वीस हजार. दर तंतूला वेगळं रसायन द्यायला पुरायची कुठून? स्पेरींनी १९६३ साली यावरही तोड सुचवली: रसायनं दोनचारच असोत, पण त्यांचं प्रमाण एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू वाढत जावं. मग ‘किती आहे’ यावरूनच जागा कळेल.

हे प्रमाण ओळखतं कोण? वाढत्या तंतूचं टोक. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी कोंबडीच्या भ्रूणात ते पाहिलं आणि १८९० मध्ये त्याचं वर्णन केलं. हे टोक पसरट असतं. त्यातून बारीक केसर सतत बाहेर येतात, आजूबाजूचं चाचपतात आणि आत ओढले जातात. जिथे मानवलं तिकडे टोक सरकतं; जिथे नाही, तिथले केसर आखडतात आणि टोक वळतं.

मग जर्मनीतल्या ट्यूबिंगेन गावी फ्रीडरिश बोनहॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सुरेख प्रयोग केला. कोंबडीच्या भ्रूणातून मेंदूचा दृष्टीचा भाग घेतला. त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या पेशींची आवरणं काढून त्यांचे केसाएवढे रुंद पट्टे आलटूनपालटून अंथरले. त्यांवर दृष्टिपटलाच्या कानशिलाकडच्या भागातले तंतू वाढू दिले. ते नेमके ‘पुढच्या’ पट्ट्यांवरूनच वाढले, एकाने ‘मागच्या’ पट्ट्यावर पाय ठेवला नाही! पण तो मागचा माल तापवून घेतला, तेव्हा ही निवड संपली. म्हणजे पुढून कुणी बोलावत नव्हतं, तर मागून कुणी हाकलत होतं. १९९५ मध्ये हाकलणारी प्रथिनं हाती लागली. त्यांना आज एफ्रिन म्हणतात.

घरात मिरचीची फोडणी पडली की काय होतं? ज्याचं नाक हळवं, तो ओसरीवरच ठसकतो आणि थांबतो. ज्याचं नाक बोथट, तो थेट चुलीपर्यंत जातो. एफ्रिन मेंदूच्या त्या भागात मागे मागे वाढत जातं. कानशिलाकडच्या तंतूंवर एफ्रिन ओळखणारे ‘एफ’ ग्राहक भरपूर, म्हणून ते पुढेच थांबतात. नाकाकडच्यांवर कमी, म्हणून ते पार मागे पोचतात. मधले मध्ये. डोळ्यातला क्रम मेंदूत जसाच्या तसा मांडला जातो. वर-खाली दिशेला दुसऱ्या जातीची एफ्रिनं मदत करतात. मग डोळे उघडण्याआधीच दृष्टिपटलावर उठणाऱ्या विद्युतलहरी हा कच्चा नकाशा रेखीव करतात.

आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचं तर नवलच. शेपटीवाल्या बेडूकमाशाचे डोळे दोन बाजूंना असतात, आणि सगळे तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला ओलांडून जातात. कायापालट होताना डोळे वर आणि पुढे सरकतात, दोन्हींना एकच दृश्य दिसू लागतं. नेमक्या त्याच वेळी, तंतू जिथे बाजू ओलांडतात त्या चौकात एफ्रिन उगवतं आणि काही नव्या तंतूंना ओलांडू देत नाही. ते आपल्याच बाजूला वळतात. उंदराच्या भ्रूणातही चौकात असाच पहारा असतो. दोन डोळ्यांचं चित्र एकत्र आणून खोली जोखायला हा नकार कामी येतो.

म्हणून म्हणतो, पोरांनो, वाट दाखवायला दर वेळी बोट धरावं लागत नाही. ‘इकडे नको’ एवढं योग्य प्रमाणात सांगितलं, तरी लाखो तंतू आपापल्या जागी पोचतात.

आणि एक काम करा. काचबिंदूत हेच तंतू हळूहळू मरतात, आणि आपले तंतू बेडकासारखे परत वाढत नाहीत. ते वाढवावेत आणि योग्य जागी पोचवावेत, यासाठी शास्त्रज्ञ झटताहेत. तुमच्यापैकी कुणी त्यात उतरलं तर मला फार आवडेल. तोवर घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला डोळ्यांची तपासणी करून घ्यायला लावा. इतक्या निगुतीने जुळलेली नस आहे ती, जपायलाच हवी.