आधी ट्यूब सांभाळा

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचं प्रसारण सुरू झालं आणि पुढे लाकडी पेटीतले कृष्णधवल संच घरोघरी आले. त्यांतले काही आता माळ्यावरून उतरवून दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात. आणणारा हमखास विचारतो, 'आधी लावून तर बघू?' मी नको म्हणतो.

मंडळी, कारण साधं आहे. रेझिस्टर, कपॅसिटर आजही मिळतात. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेता येतो. पिक्चर ट्यूब एकेकाळी बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनत असे. आता या संचांसाठी नवी ट्यूब बाजारात मिळत नाही. ती गेली की उरते नुसती पेटी.

ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. बाहेरची हवा तिला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भाराने दाबत असते. वीस इंची ट्यूबच्या नुसत्या पडद्यावर हा भार एक टनाच्या वर जातो. पुढची काच जाड असते, मागची मान मात्र पातळ. म्हणून ट्यूब मानेला धरून कधीही उचलू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा आणि जाड घोंगडीवर पडदा खाली करून ती ठेवावी. मानेवरचं सॉकेट हिसका न देता सरळ मागे ओढावं. मानेच्या आत आरशासारखा चकाकता डाग असतो. तो पांढरा पडला असेल, तर हवा आत शिरली आणि ट्यूब संपली असं समजावं.

दुसरा धोका माणसाला. ट्यूबच्या कडेच्या रबरी टोपीखाली पंधरा हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि तिथला विद्युतभार संच बंद केल्यावरही टिकून राहतो. धक्का बसला की हात झटकला जातो आणि नेमका मानेवर आदळतो. म्हणून प्लग काढून, ट्यूबवरच्या काळ्या लेपाच्या अर्थतारेला रेझिस्टरमार्गे हा भार उतरवावा लागतो. थोड्या वेळाने तो पुन्हा साठतो, म्हणून दोनदा. हे काम जाणकारानेच करावं.

मग मीटरने फिलामेंट तपासायचं, जुने कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायचे आणि त्यानंतरच वीज द्यायची. तेव्हाही ब्राइटनेस अगदी कमी. उभी फैलावणारी यंत्रणा बंद असेल, तर सगळा इलेक्ट्रॉन झोत पडद्यावर एकच आडवी रेघ ओढतो. ती प्रखर असली, तर तिथला फॉस्फर जळून कायमचा डाग पडतो. रेघ दिसताच संच बंद करावा.

चित्र फिकट आलं, तर काहीजण फिलामेंटचा व्होल्टेज वाढवून ट्यूब 'चार्ज' करतात. त्याने कधी ती काही महिने उजळते, कधी कायमची जाते. इतर सगळे उपाय संपल्याखेरीज मी त्या वाटेला जात नाही. आधी सर्किटचे व्होल्टेज बरोबर करून बघावेत. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो आणि ट्यूब चांगली निघते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)