औषध हाडांचं, आजार भलत्याच अवयवाचा

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. दोन वर्षांनी या कामाला नोबेल मिळालं. त्या उपकाराची किंमत मात्र हाडं अजून मोजताहेत. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने होणारी हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगवान असते. आमवाताचा दाह तर स्टेरॉइडविनाही हाड पोखरतो. म्हणूनच रोज २.५ मिलिग्रॅम इतका कमी डोस असला, तरी तो तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तर हाड मोडण्याचा धोका तपासावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजी सांगतं. रुग्ण अडखळतो तो इथेच. आजारावर औषध, त्या औषधाने झालेल्या झिजेवर आणखी औषध, आणि त्याचेही दुष्परिणाम! ही भीती खोटी नाही. पण 'हे औषध सुरक्षित आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. मूळ आजाराने कुठला अवयव धरला आहे, हे कळल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

उदाहरणार्थ, हाडांची झीज रोखणारी अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी. ती उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कारण ती अन्ननलिकेत रेंगाळली तर व्रण होतो. स्क्लेरोडर्मा या आजारात अन्ननलिकेची हालचालच मंदावते. तिथे हीच साधी गोळी नको. मग शिरेतून वर्षाला एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड द्यावं, तर ल्यूपसने मूत्रपिंडं दुबळी केलेल्या रुग्णाला ते झेपत नाही. शिवाय पहिल्या सलाइननंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. मूळ आजार उसळला असं समजून स्टेरॉइड वाढवण्याची घाई तेव्हा करू नये. तिसरा पर्याय डेनोसुमॅबचा. ते ज्या रँकल प्रथिनाला अडवतं, ते प्रतिकारपेशींच्या कामातही असतं, म्हणून संसर्गाची शंका रास्तच. ७,८६८ स्त्रियांच्या चाचणीत एकूण संसर्ग वाढले नाहीत. त्वचेचा गंभीर संसर्ग मात्र औषध घेणाऱ्यांत १२ जणींना झाला, इतरांत एकीला.

यावर कोणी म्हणेल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम पुरे. ते हवेतच, पण धोका मोठा असेल तर पुरत नाहीत. दुसरा आक्षेप वजनदार आहे: या औषधांनी जबड्याचं हाड मरणं आणि मांडीचं हाड अवचित मोडणं. दोन्ही दुर्मीळ, पण स्टेरॉइडने त्यांची शक्यता वाढते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या मोठ्या अभ्यासात मांडीच्या अशा फ्रॅक्चरचं प्रमाण आशियाई वंशाच्या स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आढळलं. तरी तिथलाच हिशोब असा, की दहा हजार आशियाई स्त्रियांनी तीन वर्षं बिस्फॉस्फोनेट (अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड यांच्या गटातलं औषध) घेतलं तर खुब्याची ९१ फ्रॅक्चर टळतील आणि मांडीची अशी ८ होतील. स्टेरॉइडवरच्या रुग्णाचे आकडे वेगळे निघतील, पण त्याचा टळणारा धोकाही मोठा असतो. म्हणून औषध टाळू नये. दात आधी तपासून घ्यावेत, मांडीत किंवा जांघेत दुखू लागलं तर लगेच सांगावं आणि काही वर्षांनी गरज पुन्हा जोखावी.

डेनोसुमॅबचा खरा धोका मला ते घेण्यापेक्षा मध्येच सोडण्यात दिसतो. डोस चुकला की थोपवलेली झीज उसळून येते आणि मणके एकामागून एक दबू शकतात. ते घेत असाल तर सहा महिन्यांनंतरच्या पुढच्या डोसची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा, आणि डॉक्टरांनी पर्यायी औषध सुरू केल्याशिवाय ते थांबवू नका.