डोळ्यात चुना गेला तर

परवा सहा वर्षांच्या मुलाला दवाखान्यात आणले. आजोबांची चुन्याची पुडी दाबताना फुटली आणि चुना डोळ्यात उडाला. घरच्यांनी तूप घातले. त्यात पाऊण तास गेला. बुबुळावर डाग राहिलाच.

चुना नुसता झोंबत नाही. तो तीव्र अल्कली आहे. पीएच १२ च्या वर. आम्लापेक्षा तो खोल शिरतो, बुबुळावर फूल पडून दृष्टीही जाऊ शकते. ओल्या त्वचेवर राहिल्यास तीही भाजते.

तूप, दूध, मध, लिंबू काहीही घालू नका. ताबडतोब पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवा, कण ओल्या कापडाने टिपा आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.